वस्तूची दुसरी किंमत

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत जाऊन एखाद्या गृहस्थानें घंगाळ किंवा पातेलें विकत घ्यावयाचें ठरविलें, म्हणजे पूर्वीं भावाच्या बोलण्यांत तीन आंकडे येत असत. धातूचा वजनी भाव हा पहिला, घडणावळ हा दुसरा, आणि पुढेंमागें भांडें मोडींत घातलें तर त्याचे काय येतील हा तिसरा. चौथा आंकडा दुकानांत कोणी उच्चारीत नसे. पण तो घरांतील वडील बायकांस तोंडपाठ असे. तो कल्हईचा. दर कांहीं महिन्यांनीं कल्हईवाला दारावर येई, अंगणांत खळगा करून भाता लावी, भांडें तापवून त्यांत नवसागर टाकी, आणि तापलेल्या तांब्यापितळेवर कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानें तें चकचकीत पसरी. दर भांड्यामागें काय द्यावयाचें तें ठरलेलें असे. न पटल्यास दुसऱ्या दिवशीं दुसरा कल्हईवाला येई. एकूण, भांडें घेणाऱ्यास त्याच्या सबंध आयुष्याचा खर्च, आणि मरणोत्तर उत्पन्नसुद्धां, विकत घेतांनाच ठाऊक असे.

आजच्या घरांतील फ्रीज, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारें उपकरण, मोबाईल फोन आणि दाराशीं उभी असलेली मोटार ह्यांची गोष्ट अगदीं उलट आहे. दुकानांत त्यांची एकच किंमत दिसते, आणि ती घासाघीस करून थोडीशी उतरवितां आली म्हणजे घरांत समाधान होतें. दुसरी किंमत पुढें पांच, सात, दहा वर्षें तुकड्यातुकड्यानें द्यावी लागते. ती किती हें विकणाऱ्यास बऱ्याच अंशीं ठाऊक असतें, घेणाऱ्यास नसतें. ह्या विषयांतील बहुतेक सर्व तंटे ह्या एका विषमतेंतून निघालेले आहेत.

घरांत यंत्र आलें म्हणून असें झालें, असें मात्र नव्हे. शिवणयंत्र आणि सायकल हीं यंत्रेंच होतीं. पण त्यांचे भाग कोणत्याही बऱ्या गांवांत मिळत आणि तीं उघडून पुन्हा जोडणारे हात पेठेपेठेंत असत. रेडिओचा संच ही तर एके काळीं घरांतील सर्वांत गूढ वस्तु. तो बाळगण्यासाठीं टपालकचेरींत दरसाल परवान्याची फी भरावी लागे, म्हणजे त्याच्या चालू खर्चाचा एक भाग सरकारनेंच ठरवून दिलेला होता! परंतु आंतले व्हाल्व्ह बिजलीच्या दिव्याप्रमाणें खोबणींत बसविलेले असत. एखादा गेला तर उपटून काढावा, दुकानांत नेऊन तपासावा, आणि त्याच नंबरचा दुसरा आणून बसवावा. पुष्कळ संचांत कोणता व्हाल्व्ह कोठें बसतो ह्याचें चित्रच पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटविलेलें असे. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यास पासोड्या विठोबाच्या आसपास सुट्या भागांचा जो बाजार वाढला, तो अशा उघड्या रचनेच्या यंत्रांवर पोसला गेला. वस्तु गूढ असूनही तिची दुरुस्ती गूढ नव्हती.

आतां एक कल्पित उदाहरण घ्यावें. समजा, दादरच्या एका कुटुंबानें २८,००० रुपयांस वॉशिंग मशीन घेतलें. सहाव्या वर्षीं एके सकाळीं तें सुरूच होईना. सेवाकेंद्राचा कारागीर आला, तपासणीची फी त्यानें प्रथम सांगितली, मागचें झांकण उघडलें, आणि "बोर्ड गेला आहे, सबंध बदलावा लागेल," असें निदान केलें. घरांतील आजीबाईंनीं चष्मा लावून तो बोर्ड पाहिला. "एवढ्याशा पाटीचे साडेसात हजार?" त्यांनीं विचारलें. "काय करणार आजी, दर वरून येतो. आम्हांला आंतला एक भाग बदलायची परवानगी नाहीं," असें तो म्हणाला, आणि त्यांत खोटें असें कांहीं नव्हतें.

पाटीवरचा एखादा रिले किंवा कपॅसिटर निकामी होतो, आणि तो सुटा घेतला तर त्याची किंमत अगदींच किरकोळ असते. पण ओलावा शिरूं नये म्हणून सबंध पाटी पुष्कळदां राळेसारख्या पदार्थांत बुडवून घट्ट केलेली असते. धुण्याच्या यंत्रांत पाणी आणि वाफ असावयाचीच, तेव्हां ह्या लेपास कारण आहे. त्याच लेपामुळें पाटी दुरुस्त करणें मात्र महाकठीण होऊन बसतें, हेंही तितकेंच खरें. अभियंत्याच्या सद्हेतूचा आणि विक्रीखात्याच्या सोईचा येथें असा मेळ बसतो कीं, दोहोंपैकीं कोणाचें पारडें जड होतें तें बाहेरच्यास सांगतां येऊं नये.

त्या कुटुंबाचा हिशेब असा होतो. बोर्डाचे ७,५०० रुपये, मजुरी ८०० रुपये, त्यावर वस्तु व सेवा कर शेंकडा १८; मिळून ९,७९४ रुपये. नवें यंत्र दहा वर्षें टिकेल असें धरलें तर त्याचा बोजा दरसाल २,८०० रुपये पडतो. जुनें यंत्र दुरुस्त होऊन आणखी चार वर्षें चाललें, तर दुरुस्तीचा बोजा दरसाल सुमारें २,४५० रुपये. म्हणजे दुरुस्ती किंचित् फायद्याची. दोनच वर्षें चाललें, तर तोच बोजा सुमारें ४,९०० रुपये; म्हणजे नवें यंत्र घेतलेलें बरें. सारा निर्णय यंत्र आणखी किती वर्षें चालेल ह्या एका प्रश्नावर येऊन ठेपतो, आणि नेमकें तेंच कोणी सांगूं शकत नाहीं. बदललेल्या भागावर मिळणारी हमी बहुधा कांहीं महिन्यांचीच असते. उलट, पाटीवरचा एकच भाग बदलून काम १,५०० रुपयांत भागलें असतें, तर यंत्र पुढें दोनच वर्षें चाललें तरी बोजा दरसाल ७५० रुपयांचा. मग कागदपेन्सिल घेऊन बसण्याचें कारणच नव्हतें.

अशा वेळीं गृहस्थ त्राग्यानें म्हणतो कीं, पुन्हा ह्या कंपनीची वस्तु घेणार नाहीं. पण आजचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. अडीच हजारांची वस्तु असती तर ती टाकून देतां येते. अठ्ठावीस हजारांची किंवा आठ लाखांची टाकतां येत नाहीं. ज्या कंपनीची वस्तु घरांत आहे तिच्याच भागांची वाट पाहावी लागते. ह्या स्थितीस जखडले जाणें म्हणतात, आणि तिचा कायदेशीर ऊहापोह अमेरिकेंतील एका गाजलेल्या खटल्यांत झालेला आहे.

कोडॅक कंपनी छायाप्रती काढणारीं मोठालीं यंत्रें विकीत असे. तीं दुरुस्त करणारे स्वतंत्र धंदेवाले पुढें आले आणि कंपनीपेक्षां कमी दरानें काम करूं लागले. कंपनीनें त्यांस सुटे भाग देण्याचें बंद केलें. खटला झाला तेव्हां कंपनीचें म्हणणें असें होतें कीं, यंत्रांच्या बाजारांत आम्हांस भरपूर प्रतिस्पर्धी आहेत. दुरुस्तीचे दर आम्हीं भलतेच वाढविले तर आमचीं यंत्रेंच कोणी घेणार नाहीं, तेव्हां आमच्या हातीं मक्तेदारी असणें शक्य नाहीं. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. १९९२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो एवढ्यावरच मान्य करण्याचें नाकारलें आणि खटला पुढें चालविण्यास जागा आहे असें ठरविलें. कारणें दोन. यंत्राच्या सबंध आयुष्याचा खर्च आधीं काढण्यास लागणारी माहिती मिळविणें हेंच मुळीं महागाचें काम आहे, आणि ज्यानें यंत्र घेऊन टाकलें त्याला दुसरें घेण्याचा भुर्दंड एवढा मोठा असतो कीं, दुरुस्तीच्या दरांतील बरीच वाढ तो मुकाट्यानें सोसतो. म्हणजे विक्रीच्या बाजारांत चुरस असूनही दुरुस्तीच्या बाजारांत मक्ता असूं शकतो.

ह्याच प्रश्नाचा भारतांतील निवाडा अधिक सविस्तर आहे, आणि तो मोटार असलेल्या प्रत्येक घराशीं संबंधित असूनही घरांतून त्याची चर्चा फारशी झालेली नाहीं. २०११ च्या जानेवारींत एका ग्राहकानें भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. तक्रार अशी कीं, मोटारीचे सुटे भाग खुल्या बाजारांत मिळत नाहींत, दोष शोधण्याचीं उपकरणें आणि माहितीपुस्तकें स्वतंत्र गॅरेजवाल्यांस दिलीं जात नाहींत, त्यामुळें मालकास अधिकृत विक्रेत्याकडेच जावें लागतें. तपासाची व्याप्ति पुढें वाढली. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं आयोगानें १४ कंपन्यांना दोषी ठरविलें आणि त्यांच्या सरासरी उलाढालीच्या शेंकडा २ प्रमाणें, एकूण सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड केला.

त्या तपासांत जें बाहेर आलें तें दंडाच्या आंकड्यापेक्षां बोधप्रद आहे. मोटारींतील पुष्कळसे भाग कंपनी स्वतः करीत नाहीं. ते दुसरे कारखानदार करून तिला पुरवितात. हे कारखानदार तोच भाग बाजारांत परभारें विकते तर स्वस्त पडता. पण कंपनीच्या संमतीवांचून तसें करूं नये असें करारांत बांधलेलें होतें. मोटार बाहेरच्या गॅरेजांत दुरुस्त केली तर हमी रद्द, अशीही अट होती. आणि भागांच्या मूळ किंमतीशीं विक्रीची किंमत ताडून पाहतां त्यांत शेंकडा १०० पासून कांहीं भागांत सुमारें ५,००० टक्क्यांपर्यंत चढ दिसून आला. टक्क्यांची भाषा कानास सौम्य वाटते, म्हणून हें रुपयांत मांडलेलें बरें. शंभर रुपयांचा भाग शंभर टक्के चढानें दोनशें रुपयांस पडतो. पांच हजार टक्के चढानें तोच भाग पांच हजार एकशें रुपयांस पडतो.

कंपन्यांनींही आपली बाजू जोरानें मांडली. गिऱ्हाईक मोटार घेतांनाच तिच्या देखभालीचा आजन्म खर्च हिशेबांत धरतें, म्हणून मोटार आणि तिचे भाग हे दोन वेगळे बाजार नसून एकच बाजार आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. आयोगानें तें मानलें नाहीं. असा हिशेब करावयाचा तर कोणता भाग केव्हां जाईल, त्याची तेव्हां किंमत काय असेल, मजुरी काय पडेल, हें सर्व आधीं कळलें पाहिजे. तें सामान्य खरेदीदारास कळण्याची सोयच नाहीं. भागांच्या रचनेवर आमचे बौद्धिक हक्क आहेत आणि अडाण्याच्या हातीं मोटार गेल्यास अपघात होतील, हींही कारणें पुढें आलीं. अपघाताची भीति अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं; ब्रेक बसविणाराचा हात कसलेला असावा हें कोणीही कबूल करील. पण त्यावर उपाय त्यास माहिती देणें हा आहे, माहिती कोंडून ठेवणें हा नव्हे, असाच आयोगाच्या आदेशाचा रोख आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं उपकरणें स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांस उपलब्ध करावीं, केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानें हमी सरसकट रद्द करूं नये, भागांच्या किंमती आणि देखभालीचा खर्च कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर करावा, अशा आज्ञा त्यांत होत्या. प्रकरण अपिलांत गेलें. डिसेंबर २०१६ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तीन कंपन्यांच्या बाबतींत ठपका कायम ठेवला. दंडाची आकारणी मात्र सबंध उलाढालीवर न करतां सुट्या भागांच्या धंद्याच्या उलाढालीवर करावी असें ठरविलें.

दुरुस्तीची सारी महागाई अशा कारस्थानांतूनच येते असें मात्र समजूं नये. कारखान्यांत एकसारखीं हजारों यंत्रें एका पट्ट्यावरून सरकत बाहेर पडतात, त्यामुळें प्रत्येकामागें लागणारें माणसाचें श्रम वर्षानुवर्ष कमी होत जातात. दुरुस्तीचें तसें नाहीं. प्रत्येक बिघाड निराळा, प्रत्येक घर निराळें; कारागिराची अर्धी सकाळ दादरहून डोंबिवलीस पोंचण्यांत जाते, आणि तेथें गिऱ्हाईक घरीं नसतें! शंभर वर्षांपूर्वीं एक पाना फिरविण्यास जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. मजुरी वाढते, वस्तु स्वस्त होते, आणि दोहोंमधील अंतर मिटत मिटत एक दिवस दुरुस्ती करण्यापेक्षां नवी वस्तु घेणें परवडतें. स्वीडनमध्यें हें ओळखून १ जानेवारी २०१७ पासून सायकली, पादत्राणें आणि कपडे ह्यांच्या दुरुस्तीवरील कर शेंकडा २५ वरून १२ वर आणण्यांत आला होता.

हमीच्या कागदाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण तो वाचला जात नाहीं. जाहिरातींत ठळक अक्षरांत असतें कीं, कॉम्प्रेसरवर १० वर्षांची हमी. बारीक अक्षरांत असतें कीं, वायु भरण्याचा खर्च, मजुरी आणि ने-आण ग्राहकाकडे. कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी तो बसविण्याचें बिल हातीं पडतें तेव्हां त्या दहा वर्षांचा अर्थ उलगडतो. वार्षिक देखभालीचा करारही असाच दोन जातींचा असतो. एका जातींत भाग आणि मजुरी दोन्ही येतात. दुसऱ्या, स्वस्त जातींत फक्त कारागिराच्या फेऱ्या येतात आणि भागाचे पैसे निराळे. शिवाय प्लास्टिकचे व रबराचे भाग, कांच, रंग हीं पहिल्या जातींतूनही पुष्कळदां वगळलेलीं असतात; आणि जुन्या यंत्रांत जातें तें बहुतेक रबरच. करार घेणें चूक नव्हे. तो एक प्रकारचा विमा आहे. पण विमा घेणारानें कोणत्या आपत्तीचा विमा उतरविला आहे तें आधीं पाहावें.

कांहीं वस्तूंत तर दुसरी किंमत हीच खरी किंमत असते. पाणी शुद्ध करण्याचें जें उपकरण बारीक पटलांतून दाबानें पाणी गाळतें, त्यांत गाळ अडविणारी गाळणी, कोळशाची गाळणी आणि तें पटल हीं सर्व ठराविक मुदतीनें बदलावीं लागतात. चार-पांच वर्षांच्या बदलाबदलींत यंत्राच्या मूळ किंमतीएवढा पैसा सहज जाऊं शकतो. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ह्या पटलाचें मुख्य काम पाण्यांत विरघळलेले क्षार काढण्याचें आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं तसे क्षार फारसे नसतातच. २०१९ च्या मे महिन्यांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें असें सांगितलें कीं, जेथें एक लिटर पाण्यांत विरघळलेले पदार्थ ५०० मिलिग्रॅमपेक्षां कमी आहेत तेथें अशा यंत्रांस बंदी करण्यांत यावी, कारण तीं पुष्कळसें पाणी वायां घालवितात. मुंबईस भातसा, वैतरणा, तानसा इत्यादि तलावांतून आणि पुण्यास खडकवासल्यांतून येणारें नळाचें पाणी ह्या मर्यादेच्या पुष्कळच खालीं असतें. तेव्हां ह्या शहरांतील अनेक घरांत दरसाल बदललें जाणारें तें पटल, जो दोष पाण्यांत नाहीं तो काढण्यासाठीं बदललें जात आहे. विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्याची गोष्ट निराळी; पाणी तपासून घेण्याचा खर्च मात्र एका गाळणीपेक्षां जास्त नसतो.

ग्राहकास माहिती मिळावी म्हणून गेल्या कांहीं वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांत फ्रान्सचा प्रयोग लक्षांत घेण्यासारखा आहे. १ जानेवारी २०२१ पासून तेथें मोबाईल फोन, संगणक, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा कांहीं वस्तूंवर किंमतीशेजारीं दहापैकीं गुण छापण्याची सक्ति झाली. दुरुस्तीची माहिती दिली आहे काय, यंत्र सहज उघडतें काय, भाग मिळतात काय, त्या वस्तूच्या विशिष्ट गरजा काय, आणि वस्तूच्या मानानें सुटा भाग किती महाग आहे, असे पांच विषय ह्या परीक्षेस होते. शेवटला विषय मर्मावर बोट ठेवणारा. २०२५ पासून टीव्ही आणि वॉशिंग मशीन ह्यांच्या बाबतींत त्याच्या जागीं टिकाऊपणाचे गुण आले. युरोपीय संघानें २०२१ सालींच नियम लागू केला कीं, वॉशिंग मशीनचे ठराविक भाग त्या नमुन्याचें शेवटलें यंत्र बाजारांत आल्यावर निदान १० वर्षें मिळाले पाहिजेत. आणि हमीची मुदत संपल्यावरही वाजवी दरांत दुरुस्ती करून देण्याचें बंधन घालणारा त्याचा २०२४ चा कायदा सदस्य राष्ट्रांनीं ३१ जुलै २०२६ पर्यंत अंमलांत आणावयाचा ठरलें.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें एक समिति नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तु आणि मोटारी हीं चार क्षेत्रें तिच्यापुढें होतीं. त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरास, राष्ट्रीय ग्राहकदिनीं, कंपन्यांचीं माहितीपुस्तकें, सेवाकेंद्रें आणि हमीच्या अटी एके ठिकाणीं पाहावयास मिळाव्या म्हणून एक संकेतस्थळ उघडण्यांत आलें. त्यावर माहिती देणें कंपन्यांच्या खुषीवर ठेवलें गेलें, ही त्यांतील उणीव. मे २०२५ मध्यें दुसऱ्या एका समितीनें फ्रान्सच्या धर्तीवर मोबाईल आणि इतर विद्युत् उपकरणांस दुरुस्तीसुलभतेचे गुण देण्याची योजना सरकारास सादर केली.

दुकानांत वॉशिंग मशीनच्या छापील किंमतीशेजारीं तिच्या बोर्डाची किंमत लिहिलेली नसते. पण दुकानदारास सेवाकेंद्राकडे फोन करून ती विचारतां येते, भाग किती वर्षें ठेवतात तेंही विचारतां येतें. आणि पंचवीस-तीस हजारांची विक्री हातची जाण्याचा संभव दिसला म्हणजे तो फोन तो करतोही.